एका कच्च्या कोशिंबिरीची कुळकथा

अमेरिकेतल्या लहान गावांत एक रीत आहे. रविवारची चर्चमधली प्रार्थना आटोपली, किंवा शाळेचा मेळावा असला, की कुटुंबे आपापल्या घरून एकेक पदार्थ करून आणतात, लांबलचक टेबलांवर मांडतात आणि सगळे मिळून जेवतात. आपल्याकडची अंगतपंगतच म्हणा ना! गेली काही दशके या पंगतीत एक मोठा वाडगा हमखास दिसतो. त्यात हिरवेगार टणक तुरे असतात, बारीक चिरलेला तांबडा कांदा असतो, बेदाणे असतात, सूर्यफुलाच्या बिया किंवा बदाम-अक्रोडाचे तुकडे असतात. आणि या सगळ्याला एक पांढरे, दाट, आंबटगोड मिश्रण चोपडलेले असते. ही ब्रोकोलीची कोशिंबीर. ती करायला चूल पेटवावी लागत नाही. रात्री कालवून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे तुरे कुरकुरीत राहतात. म्हणून पंगतीला न्यायला ती सोयीची.

तुम्ही म्हणाल, कोशिंबिरीला कसला आला आहे इतिहास? चिरली, कालवली, खाल्ली. पण जरा थांबा. शिजवलेले अन्न माणूस हजारो वर्षे परक्या गावात, परक्या घरी खात आला आहे, कारण विस्तव पुष्कळ दोष जाळून टाकतो. विस्तव वगळला की मग भाजी कुठल्या पाण्यावर वाढली, ती कुणाच्या हातांनी कापली, वाटेत किती दिवस पडून राहिली, हा सगळा हिशेब थेट आपल्या पानात येतो. शेकडो कोसांवरून आलेली भाजी न शिजवता, निर्धास्तपणे तोंडात टाकता येणे ही फार अलीकडची गोष्ट आहे, आणि ती फुकट मिळालेली नाही.

आधी ब्रोकोलीचे कूळ पाहू. शिक्षक मंडळींना वर्गात सांगायला ही गोष्ट उपयोगी पडेल. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चार वेगळ्या वनस्पती नव्हेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकच जात. तिचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावरील खडकाळ कड्यांवर वाढणारा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कुठे त्याची पाने एकमेकांत गुंडाळली, तो कोबी झाला; कुठे खोड फुगवले, तो नवलकोल झाला; कुठे फुलोरा धरला, त्यातून फ्लॉवर आणि ब्रोकोली झाली. ब्रोकोलीचा जो हिरवा तुरा आपण खातो तो म्हणजे हजारो न उमललेल्या कळ्या. गड्डा वेळेवर कापला नाही तर या कळ्या उमलतात आणि मोहरीसारखी चार पाकळ्यांची पिवळी फुले दिसू लागतात. मोहरीसारखी का, तर मोहरी याच कुळातली चुलत बहीण. ही मोहरी लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

‘ब्रोकोली’ हा शब्द इटालियन. ‘ब्रोक्को’ म्हणजे कोंब. आपला ‘कोबी’ आला तो पोर्तुगीजांच्या ‘कौव’ या शब्दावरून, त्यांच्याच गलबतांतून. फ्लॉवर आपल्याकडे इंग्रजांनी आणला. १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत त्याची लागवड झाली असे सांगतात. ब्रोकोली मात्र या भावंडांमागून, फारच उशिरा आपल्या बाजारात आली.

कोबी कच्चा खाण्याची शिफारस करणारा एक जुना ग्रंथकार आहे, तो रोमचा केटो. इसवी सनापूर्वी १६० च्या सुमारास त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिले. गृहस्थ मोठा करारी, काटकसरी आणि जरा हेकट. सगळ्या भाज्यांत कोबी श्रेष्ठ, असे त्याचे ठाम मत. तो शिजवून खा किंवा कच्चा खा, पण कच्चा खायचा तर शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून खा असे तो बजावतो. मेजवानीत यथेच्छ खायचे-प्यायचे असेल तर आधी कच्चा कोबी शिरक्याबरोबर खाऊन घ्यावा, हाही त्याचाच सल्ला. कोबीने बरे होणाऱ्या रोगांची यादी त्याने इतकी लांबवली आहे की वाचणारा थकावा; त्यातले काही उपाय तर चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. पण एक गोष्ट पाहा. हा कोबी त्याच्या स्वतःच्या मळ्यातला होता. पाणी कुठले, खत कुठले, कापले कुणी, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर होते. कच्चे खाणे म्हणजे तेव्हा परसदारचे खाणे.

केटोनंतर सुमारे दोनशे वर्षांनी प्लिनी नावाच्या पंडिताने कोबीच्या कोवळ्या कोंबांची एक हकिकत नोंदवून ठेवली. जुन्या खोडाला वसंत ऋतूत फुटणारे हे कोंब म्हणजे ब्रोकोलीचे पणजोबा म्हणायला हरकत नाही. अपिशियस नावाचा एक प्रसिद्ध खवय्या होता. त्याने या कोंबांना नाक मुरडले. त्याचे पाहून बादशहा तिबेरियसचा मुलगा द्रुसस हाही ते खाईना. तेव्हा बादशहाने मुलाला चांगलेच फटकारले. भाजी नको म्हणणारे पोर आणि रागावलेला बाप! दोन हजार वर्षांत या प्रसंगात काय बदलले, ते ज्याच्या घरी लहान मुले आहेत त्याने सांगावे. बदलले असेल तर एवढेच, की पुढे एका अशाच पोराच्या हाती सत्ता आली. १९९० साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर करून टाकले की लहानपणी आईने बळेबळे खाऊ घातल्यापासून आपल्याला ब्रोकोली आवडत नाही, आणि आता आपण देशाचे अध्यक्ष झालो असल्यामुळे ती मुळीच खाणार नाही. त्यावर बागाईतदारांनी निषेध म्हणून खोक्यांमागून खोकी ब्रोकोली राजधानीत पाठवून दिली.

पण अमेरिकेत ती पोचली कशी? बी पोचले होते बरेच आधी. इंग्लंडमध्ये फिलिप मिलर या बागकाम-पंडिताने १७२४ च्या आपल्या कोशात तिची ओळख ‘इटलीची शतावरी’ अशी करून दिली. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन यांनी १७६७ साली व्हर्जिनियातल्या आपल्या बागेत ती लावल्याची नोंद त्यांच्या बागवहीत सापडते. हौशी माणसाच्या बागेत आली, पण लोकांच्या ताटात काही आली नाही. पुढची दीडशे वर्षे ती इटलीतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या परसातच राहिली.

तिला परसातून बाजारात आणले ते सिसिली बेटावरच्या मेसिना गावाहून आलेल्या दोन भावांनी. स्टेफानो आणि आंद्रेआ दारिगो अशी त्यांची नावे. पोरवयात बोस्टनला आले, मिळेल ते काम करत राहिले. १९२० नंतरच्या काळात स्टेफानो पश्चिमेला, कॅलिफोर्नियात गेला. तिथली हवा आणि माती त्याला आपल्या मुलखासारखी वाटली. इटलीहून आलेले ब्रोकोलीचे बी त्याने सॅन होजे गावाजवळ पेरून पाहिले, आणि पीक बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात, आपल्या इटालियन गाववाल्यांकडे, आगगाडीने पाठवले.

हे लिहायला एक ओळ लागते, पण करायला सोपे नव्हते. सॅन होजे ते बोस्टन हे अंतर लोहमार्गाने सुमारे पाच हजार किलोमीटर. कापल्यावरही भाजी जिवंत असते. ती श्वास घेते, उष्णता सोडते. ब्रोकोलीचा श्वास तर फार जोराचा. उन्हाळी हवेत ठेवली तर दोन दिवसांत कळ्या पिवळ्या पडतात आणि देठ लोळागोळा होतो. तेव्हा उपाय एकच, बर्फ. खोक्यांत बर्फाचा चुरा भरायचा, डब्यात बर्फ भरायचे आणि वाटेतल्या ठाण्यांवर ते पुन्हा भरत जायचे. या डब्यांवाचून कॅलिफोर्नियाची कच्ची भाजी पूर्वेकडच्या माणसाने कधी पाहिलीच नसती.

जाता जाता एक आठवण. हे बोस्टन शहर बर्फाच्या व्यापारात मुरलेले. १८३३ साली तिथल्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतले बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचवले होते. पुढे मुंबईलाही ते येऊ लागले आणि त्यासाठी तिथे खास बर्फघर उभे राहिले. साहेबलोकांच्या पेयांत बोस्टनच्या तळ्याचे बर्फ! त्याच शहरात नव्वदएक वर्षांनी बर्फ वापरून भाजी आणली गेली, आणि तीही मजुरांच्या वस्तीसाठी.

दारिगो बंधूंनी आणखी एक गोष्ट केली. स्टेफानोच्या लहानग्या मुलाचे, अँडीचे, नाव आणि चित्र त्यांनी आपल्या मालावर छापले आणि ब्रोकोलीची जाहिरात सुरू केली ती रेडिओवरून. रेडिओ तेव्हा नवा होता. ज्या भाजीचे नाव शेजाऱ्याने ऐकले नव्हते ती भाजी आवाजावर स्वार होऊन घरोघर गेली. १९२८ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात एक व्यंगचित्र आले. आई मुलीला समजावते की बाळ, ही ब्रोकोली आहे. आणि मुलगी म्हणते की मला तर हे पालकच वाटते, आणि मला नकोच ते. म्हणजे त्या साली शहरी वाचकाला हे नाव ठाऊक झाले होते. भाजी अजून परकीच होती.

कोशिंबिरीतल्या इतर मंडळींकडे वळू. ते पांढरे दाट मिश्रण म्हणजे मेयोनेज. अंड्याचा पिवळा बलक घ्यायचा, त्यात थेंब थेंब तेल सोडत घोटत राहायचे, आणि शिरका किंवा लिंबू घालायचे. तेलापाण्याचे वैर आपल्या म्हणण्यात आहेच, पण बलकात असा एक पदार्थ असतो की जो तेलाच्या बारीक बारीक थेंबांना धरून ठेवतो आणि ते पुन्हा एकत्र येऊ देत नाही. त्यामुळे पातळ तेलाचे लोण्यासारखे दाट होते. ही कृती फ्रेंच आचाऱ्यांची. तिच्या नावाच्या आख्यायिका पुष्कळ आहेत, त्यांत आपण शिरू नये हे बरे. अमेरिकेत ती घरोघर नेली रिचर्ड हेलमन या जर्मनीहून आलेल्या माणसाने. १९०५ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये खाद्यपदार्थांचे दुकान काढले. आपल्या दुकानातले मेयोनेज गिऱ्हाइकांना आवडते असे पाहून काही वर्षांतच तो ते बरण्यांत भरून विकू लागला. घोटण्याची मेहनत वाचली, आणि कोशिंबीर कालवणे पाच मिनिटांचे काम झाले.

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेचेच. पण त्याच्या बियांचे तेल मोठ्या प्रमाणावर काढू लागले ते रशियात, एकोणिसाव्या शतकात. आणि तिथे सुधारलेले वाण पुन्हा अमेरिकेत आले. माहेरी परतलेली लेक म्हणायची! आपल्याकडचा भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. काजू ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि कोकणच्या डोंगरउतारांवर तो असा रुजला की आता कोकणी माणसाला तो परका म्हणून सांगितले तर राग यावा.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. बी आले, बर्फ आले, बरणी आली. पण कच्चे खायला अजून एक गोष्ट लागते, ती म्हणजे स्वच्छ पाणी. १९०८ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात नियमितपणे क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. अमेरिकेतला हा पहिलाच असा कायमचा प्रयोग. त्याआधी विषमज्वराने दरवर्षी शहरेच्या शहरे हैराण होत. क्लोरीनची रीत पसरली, आणि घरात भाजी धुवायचे पाणी तरी भरवशाचे झाले. शेतातल्या पाण्याचे आणि हातांचे काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

तो विचारला मजुरांनी. कॅलिफोर्नियातल्या सलीनास खोऱ्याला अमेरिकेचा कोशिंबिरीचा वाडगा म्हणतात, इतकी कच्ची खायची भाजी तिथे पिकते. ब्रोकोलीही तिथलीच. हा सगळा माल माणसाच्या हातांनी कापला जातो. ब्रोकोलीचे गड्डे एका वेळी तयार होत नाहीत, म्हणून एकाच वाफ्यातून पुन्हा पुन्हा फिरावे लागते. वाकायचे, गड्डा हाताने चाचपायचा, सुरीने देठ कापायचा, पुढे सरकायचे. हे काम करणारे बहुतेक मेक्सिकोहून आलेले, त्याआधी आणि त्यांच्याबरोबर फिलिपाइन्सचे. लेट्यूससारख्या पिकांत विरळणी करायला त्यांच्या हातात दिलेली कुदळी आखूड दांड्याची असे, जेमतेम हातभर. मुकादमाला दुरून दिसावे की कोण वाकला आहे आणि कोण कंबर सरळ करून उभा आहे, म्हणून ही व्यवस्था. आमच्याकडे खुरपे घेऊन दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या बायांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शेतात प्यायला पाणी नसे, शौचाला आडोसा नसे, हात धुवायची सोय नसे.

ऑगस्ट १९७० मध्ये या खोऱ्यात सेझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतमजुरांनी संप केला. इतिहासात त्याला ‘कोशिंबिरीच्या वाडग्याचा संप’ असेच नाव पडले, आणि अमेरिकेतल्या शेतमजुरांचा सर्वांत मोठा संप म्हणून त्याची गणना होते. १९७५ साली कॅलिफोर्नियात त्या आखूड कुदळीवर बंदी आली. डॉक्टरांनी साक्ष दिली होती की तिने मजुरांच्या पाठीचा कणा कायमचा निकामी होतो. आणि शेतावर पिण्याचे पाणी, संडास आणि हात धुवायची सोय मालकाने दिलीच पाहिजे असा देशव्यापी नियम व्हायला १९८७ साल उजाडावे लागले. तोही अकरा किंवा त्याहून अधिक मजूर असतील तिथेच.

साले जुळवून पाहिली म्हणजे मन जरा खिन्न होते. चंद्रावर माणूस उतरला १९६९ साली. भाजी कापणाऱ्याला हात धुवायला पाणी मिळण्याचा नियम झाला त्यानंतर अठरा वर्षांनी. आणि दया म्हणून नव्हे, नुसता स्वार्थ म्हणून पाहिले तरी कापणाऱ्याच्या हातात आणि खाणाऱ्याच्या तोंडात कच्च्या भाजीच्या बाबतीत विस्तवाचे अंतर नसते, हे गिऱ्हाइकांना आधीच कळायला हवे होते.

नियम झाला म्हणजे सगळे आलबेल झाले असेही नाही. २००६ साली याच भागातल्या एका शेतातला कच्चा पालक पिशव्यांत भरून देशभर गेला आणि त्यातल्या घातक जंतूंनी दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली, काही दगावली. तपास करणाऱ्यांना तोच जंतू शेताजवळच्या गुरांच्या शेणात, रानडुकरांत आणि ओढ्याच्या पाण्यात सापडला. एवढे श्रीमंत राष्ट्र, एवढी यंत्रे, आणि शेवटी गाठ पडली ती ओढ्याच्या पाण्याशी!

आता आपल्या ताटाकडे पाहू. कच्चे खाणे आपल्याला नवे नाही. कोबीची पचडी, मुळ्याची कोशिंबीर, दाण्याचे कूट घातलेली खमंग काकडी, हे आपले रोजचे पदार्थ. ताटात डाव्या बाजूला त्यांची जागा ठरलेली. पण केटोच्या कोबीसारखी आपली काकडीही बहुतेक परसातली, आपल्याच विहिरीवरची असे. आज ती खात्री किती जणांना आहे? शहरांच्या कडेला नाल्यांच्या पाण्यावर वाढलेली हिरवीगार भाजी आपण पाहतो. ती शिजवून खाल्ली तर एक गोष्ट, कच्ची खाल्ली तर दुसरी.

ब्रोकोली आपल्याकडे थंडीचे पीक. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या हिमाचल प्रदेशातील कटराईं केंद्राने ‘पुसा केटीएस-१’ नावाचे वाण काढले आहे. बाकी बरेचसे बी परदेशी संकरित. पुणे-नाशिककडचे शेतकरी रब्बीत ती लावतात. मधला गड्डा कापला की बगलेतून लहान तुरे फुटतात, तेही खायला उत्तम. बाजारात त्यांना भाव कमी, म्हणून ते घरी खावेत. मात्र भावाचा भरवसा नाही आणि माल टिकत नाही, म्हणून गिऱ्हाईक ठरल्यावाचून एकरभर लावण्याच्या फंदात कुणी पडू नये असे माझे मत. परसातली दहा रोपे मात्र घरादाराला पुरून उरतात.

मघाशी मोहरी लक्षात ठेवा म्हणालो होतो. रायते करताना आपल्या आया-आज्या मोहरी फेसतात. अख्खी मोहरी हातावर घेऊन हुंगा, वास नाही. तीच थोड्या पाण्याबरोबर वाटून फेसली की नाकात चढते. का? दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेले असतात. कप्पे फुटले की ते भेटतात आणि तिखट वाफ तयार होते. नेमकी हीच क्रिया ब्रोकोली चिरताना आणि चावताना होते. १९९२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून असाच एक पदार्थ, सल्फोराफेन, वेगळा केला. शरीरातली काही संरक्षक द्रव्ये त्याने वाढतात असे त्यांना प्रयोगांत दिसले. लगेच कर्करोगावर औषध सापडल्याचा बोलबाला झाला. तसे काही सिद्ध झालेले नाही, तेव्हा ब्रोकोलीला औषध समजू नका. पण भाजी खूप उकळली की ही क्रिया घडवणारे द्रव्य नष्ट होते, एवढे खरे. आणि शिजवलेल्या ब्रोकोलीवर कच्च्या मोहरीची पूड घातली तर ते काम पुन्हा होते, असेही आढळले आहे. अतिरेक मात्र नको. याच विद्यापीठात १९२८ साली कोबीच कोबी खाऊ घातलेल्या सशांना गलगंड झाला होता! आयोडीनचे मीठ वापरणाऱ्या घरात वाटीभर कोशिंबिरीने काही बिघडत नाही.

तेव्हा आपल्या पद्धतीची कोशिंबीर अशी करावी. घरच्या दह्याचा चक्का करून वाटीभर घ्या. अर्धा चमचा मोहरी चमचाभर पाण्यात वाटून चांगली फेसा. लिंबू आत्ताच पिळू नका, आंबटाने मोहरीचा जोर चढत नाही. झणका आला की ती चक्क्यात घाला, मग अर्धे लिंबू, चमचाभर साखर, मीठ आणि दोन चमचे साय. साय काढू नका हं. २००४ साली अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या प्रयोगात बिनतेलाचे मिश्रण घातलेली कोशिंबीर खाणाऱ्यांच्या रक्तात भाजीतली केशरी-पिवळी जीवनसत्त्वयुक्त द्रव्ये जवळजवळ उतरलीच नाहीत. स्निग्धांश असला तरच ती अंगी लागतात.

मध्यम गड्ड्याचे बोराएवढे तुरे करा आणि मिठाच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवा. कळ्यांच्या आत दडलेल्या हिरव्या अळ्या वर येतात. मिठाने अळ्या निघतात, जंतू मरत नाहीत. म्हणून शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या किंवा क्लोरीनच्या पाण्यातच करा. पाण्याचाही भरवसा नसेल आणि भाजी कुठली हेही ठाऊक नसेल, तर तुरे मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. मग ती पूर्ण कच्ची राहणार नाही; न राहो. तुरे नीट निथळले की कांदा, मूठभर बेदाणे आणि चक्का घालून कालवा, झाकून तासभर गार जागी ठेवा, आणि भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट वाढतानाच घाला, नाहीतर ते मऊ पडते. काजू असतील तर दुधात साखर. ज्या दिवशी केली त्याच दिवशी संपवावी.

जाड देठ टाकून देऊ नका. अमेरिकेत पुष्कळ जण तो टाकतात, आणि रोमन लोक तर कोंब-देठांसाठीच हे झाड लावत. वरची दोऱ्यासारखी साल सोलून काढली की आतला गाभा पांढुरका, गोडसर, कुरकुरीत निघतो. त्याच्या चकत्या करून मुलांना नुसत्या मिठाबरोबर द्या. ती म्हणतील हा नवलकोल आहे. वर्गात तुम्हाला कूळ सांगायला तेवढे पुरे होईल.